डॉट साइट लावून उडता पक्षी फ्रेममध्ये कसा आणायचा

600 मिमीची लेन्स हाती आली की सुरुवातीला आकाशाचे फोटो भरपूर निघतात. निळं, स्वच्छ, रिकामं आकाश. घार डोक्यावर संथ घिरट्या घालत असते, तिच्या शेपटीची खाचसुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसत असते, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की ती गायब. मग कॅमेरा थोडा डावीकडे, थोडा वर, पुन्हा खाली. तोवर घार निघून गेलेली असते.

यात हाताचा दोष कमी आणि भूमितीचा जास्त. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिमी लेन्सला आडवं जेमतेम 3.4 अंश दिसतं. हात समोर ताठ धरून दोन बोटं जोडली की जेवढं आकाश झाकलं जातं, साधारण तेवढंच. पक्षी 50 मीटरवर असेल तर त्याच्याभोवतीची चौकट 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असते. तो 20 मीटरवर आला की हीच चौकट 1.2 मीटर बाय 80 सेंटिमीटर होते. निकॉन पी1000 सारख्या, 3000 मिमी समतुल्य (म्हणजे फुल-फ्रेमच्या हिशोबाने 3000 मिमी) झूमपर्यंत जाणाऱ्या कॅमेऱ्यात तर 50 मीटरवर सुमारे 60 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा उरतो. तेवढ्या तुकड्यात गिरक्या घेणारा भिंगरीसारखा चिमुकला पक्षी शोधायचा.

डॉट साइट या अडचणीपुरती फार कामाची आहे. ती कॅमेऱ्यावर बसते, तिच्या काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो ठिपका पक्ष्यावर ठेवला की लेन्सही पक्ष्याकडे वळलेली असते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावावाच लागत नाही, त्यामुळे पक्षी नजरेआड होत नाही. पण ती एवढंच करते. फोकस, उजेड, शटर यांची काळजी ती घेत नाही, आणि तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरवर नसल्यामुळे तुम्हालाही ती आयत्या वेळी घेता येत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग साइटबद्दल कमी आणि पूर्वतयारीबद्दल जास्त आहे.

ठिपका येतो कुठून

आत एक छोटा एलईडी असतो आणि समोर किंचित वक्र काच. काचेवरचा लेप एलईडीचा प्रकाश तुमच्या डोळ्याकडे परत फेकतो, बाकीचं दृश्य मात्र आरपार दिसू देतो. एलईडी त्या वक्र काचेच्या नाभीशी बसवलेला असल्यामुळे परतणारे किरण समांतर होतात आणि ठिपका काचेवर न दिसता दूर, पक्ष्याच्याच अंतरावर तरंगल्यासारखा दिसतो. ही कल्पना जुनी आहे. आयर्लंडचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी ती 1900 साली मांडली होती. आकाशनिरीक्षक आजही दुर्बिणीवर अशीच साइट लावून तारा शोधतात. कॅमेऱ्यांच्या जगात ऑलिंपसने 2014 मध्ये एसपी-100 या कॅमेऱ्यात ती थेट आतच बसवली आणि पुढच्या वर्षी ईई-1 ही वेगळी, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या, फ्लॅश लावायच्या खाचेत) सरकवायची साइट आणली. निकॉनची डीएफ-एम1 त्याच जातीची.

किरण समांतर असण्याचा व्यवहारात मोठा फायदा आहे: डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी ठिपका दाखवतो ती दिशा बदलत नाही. बंदुकीच्या जुन्या माशीसारखे दोन बिंदू एका रेषेत आणायची कसरत करावी लागत नाही. स्वस्त साइटमध्ये हे पूर्ण खरं नसतं, म्हणून ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवायची सवय लावलेली बरी.

आणखी एक, नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न. ही लेझर नव्हे. पक्ष्यावर लाल ठिपका पडत नाही, तो फक्त तुमच्या डोळ्याला दिसतो. पक्ष्यांवर लेझर पॉइंटर मारणं हा वेगळाच आणि वाईट प्रकार आहे. त्याने डोळ्यांना इजा होते. ते कधीच करू नका.

तुम्हाला ती लागणार आहे का?

प्रत्येकाला नाही. 100-400 सारखी झूम लेन्स असेल तर 100 वर पक्षी शोधून झूम वाढवत नेणं सोपं पडतं आणि थोड्या सरावाने हात बसतो. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठीही साइटची फारशी गरज नाही. तिथे वेळ असतो, आणि फांदी, बुंधा, पान अशा खुणा असतात.

साइट कामी येते ती दोन ठिकाणी. एक, 600 मिमी समतुल्य किंवा त्याहून लांब लेन्सने मोकळ्या आकाशात उडणारे पक्षी टिपताना, जिथे खूण म्हणून काहीच नसतं. दोन, दिशा क्षणात बदलणाऱ्या पक्ष्यांसाठी: पाकोळ्या, भिंगऱ्या, वेडे राघू, पाण्याच्या वर हवेत एका जागी थांबून एकदम सूर मारणारा कवड्या खंड्या. पी1000 सारख्या, लेन्स न बदलता येणाऱ्या ब्रिज कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित मागे राहतं, सलग फोटो घेताना मध्येच काळोखही होतो. काचेतून दिसणारा पक्षी मात्र खराखुरा, त्याच क्षणाचा असतो. अशा कॅमेऱ्याला साइटचा उपयोग सगळ्यात जास्त.

एक तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. लेन्सचा फोकस 5 मीटरवर राहिलेला असेल आणि पक्षी 60 मीटरवर, तर 600 मिमीमधून तो इतका विरघळून जातो की फ्रेममध्ये असूनही दिसत नाही. तुम्ही तो फ्रेमबाहेर आहे असं समजून कॅमेरा हलवता आणि हातचा पक्षी घालवता. साइटमुळे तुम्हाला निदान खात्री असते की पक्षी मध्यावर आहे, फोकसचं बटण दाबायचं.

निवड

कॅमेऱ्यासाठीच बनवलेली साइट हलकी असते, थेट हॉट शूवर बसते, आणि दोन अक्षांत ठिपका सरकवायचे स्क्रू तिला असतात. नवख्याने शक्यतो हीच घ्यावी. दुसरा मार्ग बंदुकीसाठीची रेड डॉट साइट घेऊन ती हॉट शूच्या अडॅप्टरवर बसवण्याचा. बंदुकीचा धक्का सोसायची तिची ताकद कॅमेऱ्यावर वाया जाते आणि वजनही जास्त असतं, पण बांधणी पक्की असते आणि ठिपका स्वच्छ. अडॅप्टर घेताना साइट ज्यावर आवळली जाते त्या पट्टीचं माप जुळतं का बघा, कारण सुमारे 20 मिमीची आणि 11 मिमीची अशा दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. अडॅप्टरचा पाया धातूचा असेल तर हॉट शूमधल्या विजेच्या टोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर शॉर्ट होण्याचा धोका असतो. खांद्याला टेकवायचा बंदुकीसारखा दस्ता जोडायचा मोह झाला तर आवरा. लांबून पाहणाऱ्याला ते हत्यारच वाटतं.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. 1 एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर साधारण 2.9 सेंटिमीटर. 4 एमओएचा ठिपका 50 मीटरवर जवळपास 6 सेंटिमीटर झाकतो, म्हणजे चिमणीएवढ्या पक्ष्याचा अर्धा भाग. बंदूकवाल्यांसाठी हा प्रश्न असेल, तुमच्यासाठी नाही. 600 मिमीची चौकट 200 एमओएहून रुंद असते, त्यात चारचा फरक नगण्य. उलट मोठं वर्तुळ आणि मध्ये ठिपका अशी खूण उडत्या पक्ष्यासाठी सोयीची, कारण पक्षी वर्तुळात असला की पुरे.

रंग? लाल घ्या. झाडीवर आणि निळ्या आकाशावर दोन्हीकडे तो उठून दिसतो. हिरवा ठिपका डोळ्याला जास्त तेजस्वी वाटतो, पण पानांत हरवतो. लाल रंग ओळखायला ज्यांना त्रास होतो त्यांनी मात्र हिरवाच पाहावा. प्रखरता कमी-जास्त करायच्या पायऱ्या भरपूर हव्यात. भर दुपारच्या ढगाळ पांढऱ्या आकाशावर मंद ठिपका दिसतच नाही, आणि पहाटे तोच ठिपका पक्ष्याला झाकून टाकतो.

ठिपका गोल न दिसता ताऱ्यासारखा फुटलेला किंवा शेपटी असलेला दिसला तर लगेच साइट परत करू नका. काचेतून मोबाइलने फोटो घ्या. फोटोत ठिपका नीट गोल असेल तर दोष तुमच्या डोळ्याच्या पारपटलाच्या किंवा भिंगाच्या असमान वक्रतेचा, म्हणजे अस्टिग्मॅटिझमचा आहे. चष्मा लावा, प्रखरता उतरवा. ठिपका दूरवर तरंगत असल्यामुळे दूरचा चष्मा असणाऱ्यांनी तो लावूनच साइट वापरायची. बायफोकल असेल तर वरच्या भागातून पाहायचं.

बसवताना

हॉट शूमध्ये साइट शेवटपर्यंत सरकवा आणि चाक घट्ट आवळा. मग बोटाने हळूच हलवून पाहा. थोडी जरी डुलत असली तरी पुढची सगळी मेहनत वाया, कारण अर्धा अंश डुलली तर 50 मीटरवर 40 सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. पायाखाली कागदाची किंवा चिकटपट्टीची पातळ घडी सरकवली की खेळ निघतो.

आता साइटमागून पाहा. लेन्स जाडजूड असेल आणि पुढे भलंमोठं हूड लावलेलं असेल, तर काचेच्या खालच्या भागात हूडच दिसतं. ठिपका त्याच्यावर येत असेल तर साइट उंच करणारा ठोकळा लागेल. गरजेपुरताच उंच घ्या. साइट आणि लेन्स यांच्यातलं अंतर वाढलं की पुढे सांगितलेली एक चूकही वाढते.

जुळवणी

हे काम घरी गॅलरीतून किंवा मोकळ्या मैदानात, शांतपणे करायचं. पक्षी समोर असताना नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लावा. झूम लेन्स असेल तर सर्वांत लांब टोकाला न्या, कारण तिथेच चूक सगळ्यात जास्त दिसते. स्थिरीकरण (हाताचा थरथराट भरून काढणारी सोय) बंद करा. ते चालू असलं तर चित्र स्वतःहून किंचित सरकतं आणि तुम्ही हलत्या खुणेला ठिपका जुळवत बसता. मग एखादी ठळक, न हलणारी खूण निवडा: दिव्याच्या खांबाचं टोक, टाकीचा कोपरा, मनोऱ्यावरची पट्टी. झाडाची फांदी नको, वाऱ्याने हलते. सूर्याच्या जवळपासचंही काही नको.

व्ह्यूफाइंडरमधून किंवा मागच्या स्क्रीनवर पाहत खूण बरोबर मधल्या फोकस बिंदूखाली आणा आणि ट्रायपॉडचं डोकं आवळा. आवळताना कॅमेरा बहुधा थोडा खाली बसतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा. आता कॅमेऱ्याला हात न लावता साइट चालू करा, डोळा 20 ते 25 सेंटिमीटर मागे ठेवून ठिपका कुठे आहे ते पाहा. तो खुणेवर नसणारच. एका स्क्रूने तो वर-खाली सरकतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. बंदुकीसाठीच्या साइटवर बाणाखाली ‘वर’ असं लिहिलेलं असेल तर ते गोळी वर जावी म्हणून असतं, आणि त्या दिशेने फिरवल्यावर ठिपका प्रत्यक्षात खाली जातो. बाणाकडे लक्ष देऊ नका. ठिपक्याकडे पाहत फिरवा.

ठिपका खुणेवर बसला की पुन्हा व्ह्यूफाइंडरमध्ये पाहा, खूण मध्यावरच आहे ना? स्क्रू फिरवताना हाताच्या दाबाने कॅमेरा हललेला असू शकतो. दोन्हीकडे एकाच वेळी जुळेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. मग खरी परीक्षा: कॅमेरा सोडवा, मुद्दाम दुसरीकडे वळवा, फक्त साइटमधून पाहत ठिपका खुणेवर आणा आणि व्ह्यूफाइंडर न बघता फोटो घ्या. फोटोत खूण मध्याजवळ हवी.

साइट काढून पुन्हा लावली की ही तपासणी पुन्हा. पूर्ण जुळवणी लागत नाही, पण एक फोटो घेऊन बघायला किती वेळ लागतो?

किती अंतरावर जुळवायची

नवखे इथेच फसतात, म्हणून आकड्यांत सांगतो.

साइट लेन्सच्या वर बसते. समजा ठिपक्याची रेषा लेन्सच्या मध्यरेषेच्या 10 सेंटिमीटर वर आहे. या दोन रेषा एकाच अंतरावर एकमेकींना छेदतात, आणि ते म्हणजे तुम्ही जुळवणी केलेलं अंतर. त्याच्या अलीकडे लेन्स ठिपक्याच्या खाली पाहते, म्हणून पक्षी फ्रेममध्ये वर सरकलेला येतो. पलीकडे उलट, पक्षी खाली येतो.

600 मिमी लेन्सवर 50 मीटरला जुळवणी केली, तर 25 मीटरवर चूक 5 सेंटिमीटरची, आणि तिथे फ्रेमची उंची 1 मीटर. जाणवणारसुद्धा नाही. 100 मीटरवर चूक 10 सेंटिमीटर आणि फ्रेम 4 मीटर उंच. तीही सोडून द्या. फक्त पक्षी 10 मीटरवर आला तर 40 सेंटिमीटर उंचीच्या फ्रेममध्ये 8 सेंटिमीटरची चूक दिसेल.

आता हीच जुळवणी कुणी अंगणात 10 मीटरवरच्या कुंडीवर केली असं धरा. 50 मीटरवर चूक 40 सेंटिमीटर होते. पुढे कितीही दूर गेलात तरी पक्षी फ्रेमचा मध्य आणि खालची कड यांच्या अर्ध्यावर येत राहतो. त्यावर 2x टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी दुप्पट करणारा जोड) चढवला तर दूरचा पक्षी नेमका खालच्या कडेवर, म्हणजे अर्धा कापलेला.

म्हणून घरामागच्या भिंतीवर जुळवणी करू नका, मग ते कितीही सोयीचं असलं तरी. उडत्या पक्ष्यांसाठी 40 ते 60 मीटर हे अंतर बहुतेक वेळा उत्तम. समुद्रपक्षी किंवा शिकारी पक्षी दूरवरून टिपणाऱ्यांनी 100 मीटर किंवा त्याहून लांबची खूण घ्यावी. शिंजीर फुलांवर येतो त्या 5-6 मीटरच्या अंतरासाठी साइट वापरायचा हट्ट सोडा. हॉट शूच्या जागी साइट लेन्सच्या बाजूला ब्रॅकेटवर लावली, तर हाच सगळा हिशोब आडव्या दिशेने लागू होतो.

कॅमेरा आधीच तयार ठेवा

डोळा व्ह्यूफाइंडरवर नसणार हे धरून चला आणि प्रत्येक सेटिंगला एक प्रश्न विचारा: हे न बघता चालेल का?

फोकस सलग पद्धतीवर ठेवा, म्हणजे पक्षी पुढे-मागे सरकत असताना कॅमेरा फोकस बदलत राहील. एकच छोटा फोकस बिंदू साइटबरोबर जमत नाही. तुमचा नेम तेवढा अचूक राहत नाही, आणि बिंदू पक्ष्यावरून घसरला की फोकस मागच्या ढगावर जाऊन बसतो. मोकळ्या आकाशासाठी मधला मोठा झोन घ्या. कॅमेऱ्यात पक्षी ओळखायची सोय असेल तर ती चालू ठेवा, साइटची आणि तिची जोडी छान जमते: तुम्ही पक्षी फ्रेममध्ये आणता, पुढे डोळा शोधायचं काम कॅमेरा करतो. मागे झाडी असेल तर मोठा झोन फांद्या पकडतो. तिथे झोन लहान करा आणि काही फोटो वाया जाणार हे मान्य करा.

लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवायचं बटण असेल तर जवळची अंतरं वगळा. फोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला वेळ घेते, आणि तेवढ्यात पक्षी पसार होतो. शिवाय पक्षी ज्या अंतरावरून जाणार असं वाटतं, तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या झाडावर किंवा काठावर आधीच फोकस करून ठेवा. अडचणीच्या वेळी हा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाला येतो.

शटर स्पीड मोठ्या पक्ष्यांसाठी 1/2000, छोट्या चपळ पक्ष्यांसाठी 1/3200 किंवा त्याहून जास्त. अपर्चर पूर्ण उघडं किंवा किंचित बंद. आयएसओ ऑटोवर ठेवायचा की नाही, यावर दोन पक्ष आहेत. उजेड सारखा बदलत असेल तर ऑटो, आणि पक्षी आकाशावर असेल तर एक्स्पोजर सुमारे +1, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती येते. पण स्वच्छ उन्हात, पक्षी कधी आकाशावर तर कधी झाडीवर दिसत असेल, तर मला पूर्ण मॅन्युअल पटतं. मागचं दृश्य बदललं तरी पक्ष्यावर पडणारं ऊन बदलत नाही. आधी एखाद्या पक्ष्याचा फोटो घेऊन हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, आकडे ठरवा, मग तिकडे लक्षच नको.

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डोळा काढल्यावर मागच्या आयपीसमधून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि मीटरची मोजणी चुकवतो. आयपीसचं झाकण लावा किंवा वर सांगितल्याप्रमाणे मॅन्युअल एक्स्पोजर वापरा. जुन्या डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढायच्या मोडमध्ये) जाऊ नका, त्यात फोकस मंदावतो. मिररलेसमध्ये त्रास वेगळा: डोळ्याचा सेन्सर कधी हनुवटीला, कधी टोपीला डोळा समजतो आणि चित्र स्क्रीनवरून व्ह्यूफाइंडरवर उडी मारतं. मेनूत जाऊन चित्र फक्त मागच्या स्क्रीनवर राहील असं करा. फोटो घेतल्यावर तो आपोआप दाखवणं बंद करा. कॅमेरा झोपी जायची वेळही वाढवा. ऐन वेळी शटर दाबावं आणि कॅमेरा जागा व्हायला लागावा, यासारखा संताप नाही.

प्री-कॅप्चर असेल तर झाडावरून उडणाऱ्या किंवा पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी ते जरूर वापरा. शटर अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा मागचे काही क्षण साठवत राहतो, पूर्ण दाबलं की तेही जतन होतात. तुमचे डोळे थेट पक्ष्यावर असल्यामुळे त्याच्या हालचालीची चाहूल स्क्रीनपेक्षा लवकर लागते.

पाय, हात, डोळा

दोन्ही डोळे उघडे. हे सांगायला सोपं आणि अंगवळणी पडायला अवघड आहे, कारण व्ह्यूफाइंडरने एक डोळा मिटायची सवय लावलेली असते. एक डोळा काचेतून ठिपका पाहतो, दुसरा मोकळा राहून भोवतालचं आकाश, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकत्र करतो. नजर नेहमी पक्ष्यावर ठेवा. ठिपक्याकडे पाहायला लागलात की पक्षी धूसर होतो आणि तुम्ही त्याच्या मागे पडता.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना कपाळाचा टेकू मिळत असतो. साइट वापरताना तो जातो. त्याची भरपाई कोपरं बरगड्यांना टेकवून आणि डावा हात लेन्सखाली पुढे नेऊन करायची. पट्टा गळ्यात घेऊन कॅमेरा पुढे ढकलत तो ताणून धरला तरी बराच स्थिरपणा येतो. जड लेन्ससाठी ट्रायपॉड आणि गिंबल हेड ही जोडी सर्वांत चांगली. नीट तोललेलं गिंबल बोटाच्या स्पर्शाने वळतं, हात थकत नाहीत, आणि डोकं मागे ठेवून साइटमधून पाहायला मोकळं राहतं. स्थिरीकरण पुन्हा चालू करताना लेन्समध्ये पॅनिंगसाठी, म्हणजे कॅमेरा पक्ष्यामागे फिरवत फोटो घेण्यासाठी, वेगळा मोड असेल तर तो निवडा.

पक्षी येताना दिसला की आधी पाय वळवा. तो जिथे असेल तिकडे नव्हे, जिथे फोटो काढायचा आहे तिकडे. मग कंबरेतून मागे वळून त्याला उचला, म्हणजे तो पुढे जात असताना तुमचं शरीर पीळ सुटत मोकळं होत जातं. नजर पक्ष्यावर ठेवूनच कॅमेरा वर आणा. ठिपका दृश्यात शिरेल, त्याला पक्ष्याच्या छातीवर न्या, शटर अर्धं दाबा आणि लगेच फोटो न घेता थोडा वेळ नुसते त्याच्यासोबत फिरा. या थोड्या वेळात फोकस बसतो आणि तुमची गती पक्ष्याच्या गतीशी जुळते. मग सलग फोटोंचे छोटे बर्स्ट. शटर सोडल्यावरही कॅमेरा फिरवत राहा. थांबलात की शेवटचे फोटो हललेले येतात.

शिकाऱ्यासारखा पुढचा नेम धरायचा नसतो. प्रकाशाला गोळीसारखा वेळ लागत नाही. ठिपका चोचीच्या किंचित पुढे ठेवायचं कारण एवढंच, की पक्ष्यासमोर मोकळी जागा राहते. पण फोकसचा झोन त्याला झाकत असेल तरच.

सूर्याबाबत एक सक्त ताकीद. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना चौकटीच्या कडेला प्रखर उजेड दिसतो आणि आपण सावध होतो. साइटमधून पाहताना ती सूचना मिळत नाही, आणि पक्ष्यामागे फिरता फिरता लांब लेन्स थेट सूर्यावर जाऊ शकते. सेन्सर आणि शटर जळू शकतात. साइटची काच डोळ्यालाही कसलं संरक्षण देत नाही. सूर्य कुठे आहे ते आधी ठरवा आणि त्याच्या जवळ गेलेला पक्षी सोडून द्या. वापर नसताना साइटचं झाकण लावा. वक्र काच ऊन गोळा करून आतल्या एलईडीवर टाकू शकते.

सराव कसा वाढवायचा

सुरुवात न हलणाऱ्या वस्तूंपासून. वेगवेगळ्या अंतरावरच्या खांबांकडे, फलकांकडे कॅमेरा झटकन नेऊन ठिपका बसवा, न बघता फोटो घ्या आणि शेवटी सगळे एकत्र पाहा. मग घार. ती मोठी, संथ आणि गोल गोल फिरून पुन्हा समोर येणारी, शिकायला यापेक्षा चांगली गुरू नाही. त्यानंतर सरळ रेषेत जाणारे बगळे आणि शेकाटे. मग थव्याने वळणारे पारवे, थव्यातला एकच निवडून त्यालाच धरून ठेवायचं. भिंगऱ्या आणि पाकोळ्या सगळ्यात शेवटी. त्या जमल्या नाहीत म्हणून साइटला नावं ठेवू नका, त्या सगळ्यांनाच छळतात.

घरट्याजवळ सराव करू नका. पक्षी तिथे वारंवार येतो म्हणून ते सोपं वाटतं, पण तुमच्या उभं राहण्याने तो पिलांकडे यायचं टाळतो.

फोटो काय सांगतात

घरी आल्यावर चांगले फोटो निवडण्याआधी वाईट फोटो पाहा, तेही मूळ चौकटीत, कापण्यापूर्वी.

पक्षी दर वेळी फ्रेमच्या एकाच कोपऱ्यात येत असेल तर जुळवणी सरकली आहे, हात नाही. पक्षी वर येत असेल तर ठिपका खाली सरकवा, उजवीकडे येत असेल तर डावीकडे. जवळचे पक्षी वर आणि दूरचे खाली येत असतील तर जुळवणी ठीकच आहे, फक्त तिचं अंतर तुमच्या पक्ष्यांना साजेसं आहे का ते तपासा. पक्षी सगळीकडे विखुरलेला असेल तर एकतर साइट डुलते आहे किंवा अजून सराव हवा. हॉट शूचं चाक आधी पाहा, ते सोपं. मध्यावर आहे पण धूसर, आणि मागचं झाड स्पष्ट? झोन लहान करा. सगळंच धूसर असेल तर आधी फोकस करून ठेवायला विसरलात. चोच सतत फ्रेमबाहेर आणि शेपटीमागे मोकळं आकाश असेल तर तुम्ही पक्ष्याच्या मागे राहता आहात. कंबर आधी वळवा, ठिपका पुढे ठेवा.

आणि ठिपका मैदानात मध्येच मंद होऊन विझला तर? बहुतेक वेळा साइट बॅगेत चालूच राहिलेली असते. ईई-1 सारख्या साइटना सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी लागते. एक जादाची लेन्स पुसायच्या कापडाबरोबर ठेवा. पावसात काचेवर किंवा एलईडीवर थेंब बसला तरी ठिपका फुटून पसरतो. आधी फुंकणीने थेंब उडवा, मग कापडाने पुसा. उघड्या एलईडीच्या साइटला हे वारंवार करावं लागतं.